संस्कार राहूद्या, वॉर्डात मावश्या किती ते सांगा

आपल्याकडं म्हाताऱ्या माणसांचा विषय निघाला की दोन मिनिटात गाडी संस्कारांवर येते. पोरं परदेशात गेली, सुना नोकरीला लागल्या, एकत्र कुटुंब मोडलं, आणि मग वृद्धाश्रमाच्या गेटवर रडणाऱ्या आईचा तो व्हॉट्सॲपवरचा फोटो, खाली सगळ्यांचे जोडलेले हात. सांगलीत कुठल्याही ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यक्रमाला जा, पाहुणे हेच बोलतात आणि टाळ्यापण घेतात. मला या भाषणांचा आता राग यायला लागलाय, कारण एवढं सगळं बोलून झाल्यावर कामाचा प्रश्न कुणी विचारतच नाही, की दवाखान्यात नाहीतर आश्रमात पडून असलेल्या ऐंशी वर्षांच्या माणसाला रात्री दोन वाजता बाथरूमला जायचंय, तर बेल वाजवल्यावर येणार कोण, किती वेळानं येणार, आणि आल्यावर पडदा ओढणार का तसंच उघड्यावर उरकणार.

म्हाताऱ्या माणसाची इज्जत या असल्या गोष्टीत राहते नाहीतर जाते. आणि ती राहायची तर वॉर्डात पुरेसे हात लागतात, त्या हातांना धड पगार लागतो, आणि कुणीतरी वरून बघणारा लागतो. मुलं प्रेमळ असली तर चांगलंच आहे, पण प्रेमळ मुलगा पुण्यात हिंजवडीला बसून इथल्या बेडचा पडदा ओढू शकत नाही.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मिशनचं हॉस्पिटल उभं केलं, १९६२ ला सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि आता तर गल्लीगल्लीत ऑर्थो, न्यूरो, कार्डियाक, सगळं आहे. जत, आटपाडी सोडाच, पार अथणी-जमखंडी-विजापुरापासून माणसं इथं येतात. इथले डॉक्टर हुशार आहेत यात वाद नाही, पंच्याऐंशीच्या म्हातारीचा खुबा बसवून तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी करतात. पण त्याच हॉस्पिटलात कुठंतरी पाटी असतेच, पेशंटजवळ एक नातेवाईक कायम हजर पाहिजे. आपण ती वाचून मान डोलवतो, आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. खरंतर त्या पाटीचा अर्थ असा की औषध, इंजेक्शन, ऑपरेशन आमचं, आणि भरवणं, पुसणं, कूस बदलणं, पॉट देणं, केस विंचरणं हे सगळं तुमचं तुम्ही बघा. म्हणजे नर्सिंगमधलं अर्धं काम हॉस्पिटलनं कधी अंगावर घेतलंच नाही, त्याची माणसं नेमली नाहीत. पूर्वी ते खपून जायचं कारण घरात चार बायका असायच्या, एक दवाखान्यात एक चुलीपाशी. आता खानापूर-आटपाडी-तासगाव भागातल्या गावांत जाऊन बघा, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात तरणी माणसं देशभर पांगलेली, दिवाळीला नाहीतर जत्रेला गावात गाड्या दिसतात, एरवी बंद बंगले आणि ओट्यावर म्हातारी माणसं. सातारा जिल्ह्यात माण-खटावचीपण तीच तऱ्हा, निम्मं गाव मुंबईला. त्यांच्यातलं कुणी पडलं तर "कायम हजर" राहणारा नातेवाईक आणायचा कुठनं?

मग पेशंटजवळ बसायला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोची बाई ठेवतात, बारा तासांची ड्युटी. ज्यांना परवडतं ते ठेवतात. ज्यांना परवडत नाही त्यांचं काय होतं ते जनरल वॉर्डात उभं राहून बघावं, सांगण्यासारखं नाही. सकाळी आठला आणून ठेवलेला चहा अकरा वाजता तसाच असतो, साय धरलेला, कारण टेबल हाताच्या बाहेर आहे आणि कुशीवर वळायला येत नाही. ताट येतं तसं जातं, आणि कागदावर लिहिलं जातं की पेशंट नीट खात नाही.

सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही एका चांगल्या नाव असलेल्या खाजगी दवाखान्यात होतो. ऑपरेशन एक नंबर झालं. पण ऑपरेशनला नेताना कवळी, चष्मा आणि कानाचं मशीन काढून माझ्या पर्समध्ये दिलं, ते योग्यच होतं, पण नंतर आयसीयूत ते परत लावा म्हणून मी तीनदा सांगितलं तर प्रत्येक वेळी "उद्या शिफ्ट केल्यावर बघू". दात नाहीत, दिसत नाही, ऐकू येत नाही, अंगावर मागून उघडा हिरवा गाऊन, आयुष्यभर नऊवारी नेसलेली बाई. वर बारा तास ट्यूबलाइट. रात्री त्यांनी सुरू केलं, की मला कुणी पळवून आणलंय, नळ्या ओढायला लागल्या. सकाळी जाऊन बघते तर दोन्ही मनगटं बँडेजच्या पट्टीनं खाटेच्या दांड्याला बांधलेली. विचारलं तर "आजी त्रास देत होत्या". मुलाची सही नाही, आम्हाला फोन नाही. राऊंडला डॉक्टर आले ते त्यांच्या पायथ्याशी उभं राहून मला विचारतात, आजींची मेमरी आधीपासनं अशीच आहे का? तोपर्यंत मशीन माझ्या पर्समध्येच होतं. मी ते कानात घातलं, चष्मा लावला, वार सांगितला, कुठं आहोत ते सांगितलं, संध्याकाळपर्यंत बाई निम्म्या जाग्यावर. दुसऱ्या दिवशी त्यांनीच नर्सला विचारलं, तू कुठल्या गावची गं.

हे काही आमच्याच वाट्याला आलं असं नाही, याला डिलीरियम म्हणतात आणि डॉक्टर लोकांना तो चांगला माहितीये. म्हातारं माणूस, नवी जागा, ताप किंवा इन्फेक्शन, अंगात पाणी कमी, झोप नाही, नवीन गोळ्या, एवढं जमलं की भ्रम होतो, आणि बऱ्याच वेळा घरचे समजतात की आता डोकं गेलं. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या शॅरन इनूये या डॉक्टरबाईंनी १९९९ मध्ये एक अभ्यास छापला, सत्तरीच्या पुढचे ८५२ पेशंट. त्यातल्या निम्म्यांसाठी काय केलं, तर चष्मा आणि कानाचं मशीन लावलं, पाणी प्यायला दिलं, चालवलं, रात्री आवाज कमी ठेवला, झोपेच्या गोळीऐवजी गरम दूध आणि पाठ चोळून देणं असले प्रकार, वार-तारीख-जागा सांगत राहिले. त्यांच्यात डिलीरियम झालेले ९.९ टक्के, नेहमीसारख्या वॉर्डात १५ टक्के. म्हणजे भ्रम झालेली माणसं तिसऱ्या हिश्शानं कमी, आणि ते एकाही नव्या औषधाशिवाय. यातलं बरंचसं काम ट्रेनिंग दिलेल्या व्हॉलंटिअर लोकांनी केलं, डॉक्टरनी नव्हे. इज्जतीनं वागवणं ही वरून टाकायची कोथिंबीर आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा परत एकदा वाचावा, ते औषधपाण्यातच मोडतं.

लघवीच्या नळीचं तसंच. गरज असते तिथं ती लागतेच, पण कितीतरी वेळा नळी ठेवली जाते ती बाथरूमला न्यायला माणूस नाही म्हणून, आणि काढायची विसरतात. मग त्यातून इन्फेक्शन होतं, इन्फेक्शननं ताप, तापानं भ्रम, की परत मनगटाला पट्टी. डायपरचं तर काय सांगायचं. चालता-बोलता आलेला माणूस, ज्याला नुसतं धरून न्यायचं काम आहे, त्याला सांगतात "आजोबा, त्यातच करा, घातलंय ना". साठ वर्षं शेतात राबलेला, कुणापुढं हात न पसरलेला गडी, तो रडायचा बाकी राहतो. काही जण मग पाणी प्यायचंच सोडतात, म्हणजे जायला नको. घरी आल्यावर कंबरेखाली जखम निघते तेव्हा कळतं की दोन-दोन तासांनी कूस बदलायची असते आणि ती कुणी बदललीच नव्हती.

आता कुणी म्हणेल हे सगळं नर्सचं पाप. मला तसं वाटत नाही. रात्रपाळीला एक सिस्टर, एक मावशी आणि वॉर्ड भरलेला, वर जमिनीवर गाद्या टाकलेल्या, असं जिथं आहे तिथं देवमाणूसपण चार दिवसांत खेकसायला लागेल. सासूबाईंच्या त्याच मुक्कामात शेजारच्या खाटेवर अथणीकडची एक आज्जी होती, नुसतं कन्नड बोलणारी, मुलगा पैशाची जमवाजमव करायला गावी गेलेला. ती दुपारभर काहीतरी एकच म्हणत होती आणि सगळे "हां हां आज्जी, झोपा" करत होते. शेवटी झाडू मारणारी मावशी आली, तिला कन्नड येत होतं, तिनं ऐकलं आणि म्हणाली, अवो ह्यांच्या टाचेखाली काय तरी टोचतंय म्हनत्यात. चादर उचलली तर सुईचं टोपण. एवढंच होतं, दुपारभर. मावशीनं टाच चोळून दिली, दोन शब्द बोलली, आज्जी झोपली. त्या मावशीला मी नंतर विचारलं तर ती ठेकेदाराकडनं होती, कायम नाही, पगार कधी महिन्यानं कधी दोन महिन्यानं, सुट्टी घेतली की कापला. आख्ख्या मजल्यावर त्या आज्जीची जिनं कदर केली ती बाई कागदावर त्या हॉस्पिटलची नोकरसुद्धा नव्हती. आपण डॉक्टरला पेढे देतो, मावशीच्या हातावर पन्नासची नोट ठेवतो आणि वर म्हणतो की या लोकांना पैशाची चटक लागलीये.

कायदा नाही असंही नाही. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा सगळ्यांना माहितीये तो मुलांना धडा शिकवणारा म्हणून, प्रांतांकडं अर्ज करायचा, महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी मिळते, पेपरात बातमी येते, लोक म्हणतात बरं झालं, जिरली. त्याच कायद्यात कलम २० आहे, ते कुणी वाचत नाही. त्यात सरकारी आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या दवाखान्यांत ज्येष्ठांना शक्य तोवर बेड, वेगळी रांग, आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी राखीव सोय, तिच्यावर वृद्धांच्या आजारांचा अनुभव असलेला डॉक्टर, असं लिहिलंय. २०१०-११ पासून केंद्राचा वृद्धांच्या आरोग्याचा वेगळा कार्यक्रम आहे, त्यात जिल्हा रुग्णालयात दहा बेडचा वृद्धांचा वॉर्ड धरलाय. कलम १९ मध्ये तर निराधार ज्येष्ठांसाठी जिल्ह्याला निदान एक, किमान दीडशे माणसांचं सरकारी वृद्धाश्रम असा विषय आहे, फक्त ते सरकारवर बंधनकारक केलं नाही, मर्जीवर सोडलंय. मुलांवरची कलमं तेवढी आपल्याला पाठ, सरकारवरची नाहीत. संस्काराच्या गप्पांचा हा सगळ्यात मोठा फायदा कुणाला झाला असेल तर तो सरकारला.

बरं सरकार काहीच करत नाही असंपण म्हणता येत नाही. पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून एसटी फुकट आहे आणि आमच्याकडच्या म्हाताऱ्या त्याचा काय आनंद घेतात विचारू नका, औंध, मांढरदेवी, पंढरपूर, सारखं चालूच. २०२४ च्या ऑक्टोबरला सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं आयुष्मानचं कव्हर सुरू झालं. चांगलंच आहे. पण तिकीट आणि कार्ड वाटता येतं, मोजता येतं, बॅनरवर छापता येतं. म्हातारी फुकट एसटीनं मिरज स्टँडला उतरते, कार्डावर तिचं ऑपरेशनपण होतं, आणि मग तिला भरवायला लागणारा अर्धा तास कुणाच्याच खात्यात धरलेला नसतो.

खाजगी दवाखान्यांना २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनी रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायला सांगितलंय. तपासताना आडोसा, स्त्री पेशंटला पुरुष डॉक्टर तपासत असेल तर बाई हजर, आजाराची माहिती, असले हक्क त्यात येतात. बऱ्याच ठिकाणी ती लावलेली असते, पार लिफ्टच्या मागं, बारीक अक्षरात, ज्याला मोतीबिंदू आहे त्यानं वाचावी अशी अपेक्षा असावी. तक्रार करायची तर महापालिका हद्दीत पालिकेच्या आरोग्य विभागाकडं आणि बाहेर जिल्ह्याच्या सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांकडं, हे किती जणांना माहिती असतं?

आता वृद्धाश्रम. इथं तर संस्काराच्या बोलण्यानं सगळ्यात जास्त नुकसान केलंय. आश्रमात ठेवणं हे आपण पाप ठरवून टाकलं, त्यामुळं जो ठेवतो तो गुपचूप ठेवतो, नातेवाइकांना सांगतो की आई बहिणीकडं आहे. जो तोंड लपवून आलाय तो आत जाऊन संडास बघणार का, विचारणार का की रात्री किती माणसं असतात, शेवटची तपासणी कधी झाली? तो पैसे भरतो आणि मान खाली घालून निघतो. आणि चालवणाऱ्याला आपण देवमाणूस म्हणतो, त्यामुळं त्यालापण काही विचारायचं नसतं, पुण्याचं काम करतोय बिचारा. मधल्यामध्ये आत राहणारा माणूस कुणाचाच गिऱ्हाईक नाही आणि कुणाचाच नागरिक नाही. बहुतेक आश्रम ट्रस्टचे, ट्रस्टचा हिशोब धर्मादाय आयुक्तांकडं जातो, पण हिशोबाच्या कागदात हे येत नाही की बाराजणांत एक बाथरूम आहे का दोन, संध्याकाळी साडेपाचलाच जेवण देऊन दिवे घालवतात का. २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत त्या २००७ च्या कायद्याचं दुरुस्ती विधेयक आलं होतं, त्यात आश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवायची तरतूद होती, घरी येऊन सेवा देणाऱ्या एजन्सीसाठीपण. ते समितीकडं गेलं आणि २०२४ ला लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळलं. कुठं मोर्चा निघाला? एकही नाही, कारण आश्रमातली माणसं मोर्चा काढू शकत नाहीत आणि बाहेरच्यांना वाटतं आपला काय संबंध.

आणि ते वाढदिवसवाले. हे लिहायलाच पाहिजे. आजकाल नगरसेवकाचा, कुणाच्या लेकराचा, कुठल्या ग्रुपचा, वाढदिवस आश्रमात साजरा करायची टूम निघालीये. केळी, बिस्किटाचे पुडे, साडी, सगळ्यांना रांगेत बसवायचं, ब्लाउजपीस हातात देऊन कॅमेऱ्याकडं बघायला लावायचं, संध्याकाळी फेसबुकवर. माझे एक मामा अशा एका ठिकाणी होते, रिटायर्ड हेडमास्तर, ते अशा दिवशी मुद्दाम अंगावर पांघरूण घेऊन झोपायचे. म्हणायचे, मला केळं नको, मला पेपर आठ वाजता पाहिजे, तो मॅनेजरचा वाचून झाल्यावर अकराला येतो. मामांच्या परवानगीशिवाय त्यांचा झोपलेला फोटोपण एकदा टाकला गेला, खाली "निराधारांना मायेची ऊब". निराधार कसले, पेन्शन घेत होते, स्वतःचे पैसे भरून राहिले होते.

याच्यावर मला एक उत्तर नेहमी मिळतं, की घरी तरी कुठं म्हाताऱ्यांना मान असतो, घरीपण टीव्हीचा रिमोट हातात देत नाहीत. खरंय. घरातही हाल होतात, बंद दाराआड तर जास्तच, आणि म्हणूनच "घर चांगलं, आश्रम वाईट" हे मला पटत नाही. चांगला चालवलेला आश्रम असेल तर काही माणसं तिथं सुनेच्या घरापेक्षा सुखात राहतात, आपल्या वयाची बोलायला मिळतात, कुणाचं ओझं वाटत नाही. दुसरं उत्तर डॉक्टर लोकांचं, की ओपीडीत दीडशे पेशंट, प्रत्येक आजीशी बोलत बसलो तर कसं व्हायचं, आणि घरचेच कानात सांगतात, आईला काही सांगू नका. यातलं दुसरं अर्धं एकदम बरोबर आहे. आपणच म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच आजारातून बाहेर ठेवतो, कॅन्सर आहे हे गल्लीला माहिती, फक्त ज्याला आहे त्याला नाही. नंतर व्हेंटिलेटर लावायचा का नाही हे पोरं कॉरिडॉरमध्ये भांडून ठरवतात, एकाला पैशाची काळजी, एकाला लोक काय म्हणतील याची. सुप्रीम कोर्टानं २०१८ ला मान्य केलंय की धडधाकट असताना माणूस स्वतः लिहून ठेवू शकतो की शेवटी मला काय नको, आणि २०२३ ला ते सोपं केलं, आता मॅजिस्ट्रेटकडं जायला लागत नाही, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आमच्याकडं हा विषय काढला तर दीर म्हणाले, अशुभ कशाला बोलता. सासूबाई मात्र लगेच म्हणाल्या, मला ती पट्टी परत नको, हे त्यात लिही.

पण दीडशे पेशंटचं म्हणाल तर त्याला उपाय बोलणं कमी करणं हा नाही, माणसं वाढवणं हा आहे. आणि ती माणसं फार शिकलेली लागत नाहीत. कूस कशी बदलायची, कसं भरवायचं म्हणजे ठसका लागत नाही, बाथरूमला कसं धरून न्यायचं, भ्रम झालेल्याशी कसं बोलायचं, कधी सिस्टरला हाक मारायची, एवढं शिकवलेल्या बाया आणि गडी, कायम नोकरीवर, वेळेवर पगारावर. आपल्या जिल्ह्यात काम नसलेली तरुण पोरं-पोरी किती आहेत ते कुठल्याही भरतीची रांग बघून कळतं. जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून रस्ते होतात, सभामंडप होतात, स्वागतकमानी होतात, मग सिव्हिलच्या वृद्ध वॉर्डाला सहाय्यक का होत नाहीत? हे विचारायचं काम ज्येष्ठ नागरिक संघांचं आहे, त्यांच्याकडं वेळ आहे, रिटायर्ड तहसीलदार, मास्तर, बँकवाले सगळे आहेत, माहितीचा अधिकार कसा टाकायचा ते त्यांना कुणी शिकवायला नको. पुढच्या महिन्याच्या सभेत संस्कारावरचं व्याख्यान रद्द करून पाचजणांनी सिव्हिलला जावं, कलम २० मधली राखीव सोय कुठं आहे, दहा बेड कुठं आहेत, तिथं रात्रपाळीला मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हे लेखी मागावं, आणि जे उत्तर येईल ते पालकमंत्र्यांच्या पुढच्या बैठकीत त्यांच्यासमोर ठेवावं.